सुक्या बांगड्याची साक्ष

त्या वर्षी माझ्या पोटात एक साक्षीदार राहायला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी आयुष्यात पुष्कळांना बनवलं. कप्तानांना बनवलं, कलेक्टरांना बनवलं, एकदा तर सासऱ्यांनाच बनवून त्यांची मुलगी पदरात पाडून घेतली. पण हा दाणा काही बनला नाही.

मी हेमकांत केळुसकर. चौतीस वर्षं दीपगृहावर नोकरी केली. दिवा फिरता ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्टी सांगायच्या, एवढंच काम. एकदा ऐन वादळात दिवा बंद पडला, तेव्हा मी टकलाला खोबरेल चोळून त्यावर कंदिलाचा झोत धरला आणि मंगळूरचं जहाज खडकावरून वाचवलं, ही हकिकत वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. एका देवमाशाची दाढ दुखत होती ती मी लवंगेचं तेल लावून बरी केली, तीसुद्धा. लोक हसतात, चहा पाजतात आणि एक शब्द खरा मानत नाहीत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. म्हणजे सन २०४३च्या भाद्रपदापर्यंत.

तर तो दाणा. त्याला पोटवाचक म्हणत. गिळला की जठराच्या भिंतीला गोचिडीसारखा चिकटायचा आणि वर्षभर तिथं बसून आपण काय खाल्लं ते वाचायचा. आमच्या गावात हे समजावून सांगायचं काम वालावलकर सरांचं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, निवृत्त झाला तरी हातातला खडू सुटला नव्हता.

"प्रत्येक जिवाच्या पेशीपेशीत एक लांबच लांब धागा असतो," सर सांगायचे. "त्या धाग्यावर फक्त चार अक्षरांत त्याची सगळी कुळकथा लिहिलेली असते. टाकळ्याची वेगळी, सुरणाची वेगळी, तुमची-माझी वेगळी. शिजवा, तळा, वाळवा, धागा तुटतो, पण तुकडे उरतात. पोटवाचकाला इतकी बारीक भोकं आहेत की एका वेळी एकच तुकडा त्यातून सरपटत जातो. जाताना प्रत्येक अक्षर विजेचा प्रवाह निरनिराळा अडवतं. त्या अडण्यावरून अक्षर कळतं, अक्षरांवरून नाव. नाव थेट तुमच्या मनगटावरच्या पट्ट्यावर! रिकाम्या पोटी अर्ध्या तासात, भरल्या पोटी कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा."

"सर, आणि दोन बांगडे असले तर?" मी आपलं उगाच विचारलं होतं.

"एकाच थव्यातले सख्खे भाऊ असले, तरी यंत्र त्यांना वेगळे ओळखेल. माणसाच्या अंगठ्यासारखं आहे ते, हेमकांतराव."

हा प्रश्न मी का विचारला असेन, हे मला अजून कळलेलं नाही. गुन्हा करण्याआधीच माणूस वकिलाकडे जातो म्हणतात, तसं काहीतरी.

हे यंत्र आलं आणि गावोगाव मंडळं निघाली. आमचं 'शिवराक मंडळ'. आमच्याकडे बिनमाशाच्या जेवणाला शिवराक म्हणतात, पण मंडळाचं शिवराक त्याहून कडक. झाडावेलीवर येतं तेवढंच खायचं. दूध, तूप, मधसुद्धा नाही. आता तुम्हाला वाटेल, हा म्हाताऱ्यांचा उपासतापासाचा कारभार असणार. छे! इतकी मजा मी नोकरीतसुद्धा केली नव्हती. सकाळी टोपल्या घेऊन टाकळा, फोडशी, भारंगी शोधायला डोंगरावर जायचं. डोळे बांधून फणसाची भाजी खायची आणि कुठल्या झाडाचा फणस ते सांगायचं. समुद्रकिनाऱ्यावर शेवाळाच्या वड्या तळायच्या आणि शेवाळ ही वनस्पती धरायची की नाही यावर तासभर भांडायचं. त्या भांडणापासून दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

मंडळाचं ध्येय होतं, दसरा ते दसरा एका जोडीनं तीनशे निरनिराळ्या वनस्पती खायच्या. जी जोडी आकडा गाठेल ती दहा दिवस मेघालयात, रानभाज्या गोळा करणाऱ्या बायकांच्या पाहुणचाराला.

माझी जोडी अर्थातच ज्योत्स्नाशी, माझ्या बायकोशी. खरं सांगायचं तर तिच्या जोडीला मी. ती माझ्यापेक्षा दुप्पट मासेखाऊ, पण दसऱ्याला पट्टा बांधला आणि सुरमईकडे पाठ फिरवली ती फिरवली. तिनं सगळं आयुष्य दीपगृहाच्या क्वार्टरमध्ये काढलं. जगाला वाट दाखवणाऱ्या दिव्याखाली बसून राहिली आणि स्वतः कोल्हापूरच्या पलीकडे गेली नाही. भिंतीवर तिनं मेघालयाचा नकाशा लावला होता. एकेक भाजी झाली की त्यावर एकेक ठिपका. गणपती गेले तेव्हा दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिपके झाले होते.

मंडळाचा एक नियम सरांनी मोठ्या अभिमानानं लिहिला होता. पोटात प्राणी सापडला तर पट्टा विचारणार: घरचं की बाहेरचं? घरचं असेल तर जोडीचा आकडा शून्य. बाहेरचं असेल तर जेवणारा निर्दोष. ज्या खानावळीच्या वहीत त्याचं शेवटचं जेवण लिहिलेलं असेल तिला लाल पान. लाल पान लागलं की ती खानावळ वर्षभर यादीतून बाद. हरकत घ्यायची तर सात दिवसांत, पुराव्यासकट. माणसाचे पाय कुठे गेले होते ते पट्ट्याला ठाऊक असायचं, पण पायाची गाठ पोटाशी घालायला कायद्यानं बंदी होती. म्हणजे साक्षीदार पक्का. फक्त एका प्रश्नापुरता माणसावर विश्वास. सरांना वाटलं, एवढ्यापुरतं माणूस खोटं बोलणार नाही. सरांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं, म्हाताऱ्यांचा अनुभव त्यांना कमी.

आणि आमच्या गावात खानावळ एकच, जयवंती तारीची. तिची आई चाळीस वर्षं बाजारात मासे विकायची. जयवंतीही तिच्या शेजारी बसायची. आई गेली, आणि सात वर्षांपूर्वी जयवंतीनं माशांची पाटी खाली ठेवली आणि ही शिवराक खानावळ काढली. तिच्या काळ्या वाटाण्याच्या सांबारासाठी पुण्याची माणसं दोन-दोन दिवस मुक्काम करायची. या दिवाळीपासून मंडळाच्या सगळ्या पाहुण्यांचं जेवण तिच्याकडेच ठरलं होतं. भिंत पाडून तिनं ओसरी वाढवून घेतली होती.

आता बांगडा.

गुरुवारी दुपारी मी जयवंतीकडे जेवलो. खतखतं होतं, अकरा भाज्यांचं. शुक्रवारी सकाळी ज्योत्स्ना मंडळाबरोबर डोंगरावर गेली आणि मी घरी एकटा. शिरोड्याच्या बाजारातून आदल्या आठवड्यात मी एक सुका बांगडा आणला होता. का आणला? दिसला म्हणून. कागदात गुंडाळून लाकडांच्या मागे ठेवला आणि आठ दिवस जाता-येता त्याच्याकडे बघत होतो, जसा तरुणपणी ज्योत्स्नाच्या खिडकीकडे बघायचो. त्या सकाळी पातेल्यात उकड्या तांदळाची पेज होती. आता कोकणातल्या माणसाला नुसती पेज दाखवणं म्हणजे त्याला विचारणं, की बाबा रे, दुसरं कोण कुठं आहे? न्हाणीचा चुला धगधगत होता. बांगडा निखाऱ्यावर टाकला. पाच मिनिटं. डोक्याकडचा अर्धा पेजेबरोबर खाल्ला, शेपटीकडचा अर्धा डब्यात ठेवला. असा बांगडा मी पुन्हा... जाऊ दे. त्याची चव सांगायचा मला हक्क नाही.

दोन तासांनी ज्योत्स्ना आली. अंगणात पाटीभर कुर्डू ओतून निवडायला बसली. मी समोर बसलो. इतक्यात माझा पट्टा थरथरला.

"काय इला?" तिचे डोळे चमकले. "नवीन काय गावला काय? दोनशे नव्याऐंशी?"

मी पट्ट्याकडे पाहिलं. *बांगडा. प्राणी. घरचं की बाहेरचं?*

ती हात पुसत पुढं वाकली. "बघूया तरी."

मी 'बाहेरचं'वर बोट ठेवलं. एवढंच केलं. चौतीस वर्षांत मी वादळात दिव्याची मूठ धरली, पण एवढं जड माझं बोट कधी झालं नव्हतं आणि इतक्या चटकन कधी हललं नव्हतं.

"बांगडा दाखवतंय," मी म्हणालो. "काल जयवंतीकडे जेवलो होतो ना. तिथलाच काहीतरी घोळ."

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कुर्डू निवडायला लागली. "असात," म्हणाली. कुर्डूची भाजी आमची दोनशे एकोणनव्वदावी झाली.

संध्याकाळी खानावळीच्या दारावर लाल पान लागलं. शनिवारी सकाळी मंडळ तिच्या ओसरीत जमलं. मीही गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. अशा वेळी माणसाला काय वाईट दिसेल याचाच विचार सुचतो.

वालावलकर सर म्हणाले, "जयवंतीबाई, यंत्र माणसासारखं चहाडी करत नाही. हेमकांतरावांच्या पोटात बांगडा निघाला."

"माझ्या सांबारात बांगडो?" जयवंती कमरेवर हात ठेवून उभी होती. "सर, मी सात वर्सां माश्याक हात लावलेलो नाय. बाजारातसून जाताना मी पदर नाकाक लावतंय, तेच्यावरसून माका माझ्याच मावशेन बोल लावले."

"तुम्ही मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय?" मागून कोणीतरी म्हणालं. "पण हात तेच ना. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय..."

सरांनी मान डोलावली. ती मान मला अजून दिसते. ती डोलावताना सर विज्ञानाचे शिक्षक राहिले नाहीत, आणि त्यांना ते कळलंही नाही. एक बाई काल तिच्याकडे दोनदा भात मागून घेत होती, तिनं आज सरकून जयवंतीपासून हातभर लांब बैठक घेतली.

जयवंती थेट माझ्यासमोर आली. "हेमूभाय, तुमी जेवलात. तुमीच सांगा ह्यांका. माझ्या ताटात मासो होतो?"

नाही, एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी दाढ दुखणाऱ्या देवमाशाचं आख्खं संभाषण सांगू शकतो. त्या दिवशी दोन अक्षरं निघाली नाहीत.

"चव तर नेहमीचीच होती," मी म्हणालो. "पण आता यंत्रच सांगतंय म्हटल्यावर..."

वाक्य मी तिथंच सोडलं. उरलेलं लोकांनी पुरं केलं.

पुढचे दोन दिवस ज्योत्स्ना झपाटल्यासारखी भाज्या आणत होती. करांदा, कणगर, कुठलीशी तुरट वेल. आकडा दोनशे चौऱ्याण्णववर गेला. मला करांदा बांगड्यासारखा लागायचा, वेल बांगड्यासारखी लागायची. पट्टा मात्र शहाण्यासारखा म्हणायचा: *करांदा. वनस्पती. अभिनंदन!*

सोमवारी सकाळी राहवेना म्हणून मी जयवंतीकडे गेलो. काय सांगणार होतो माहीत नाही. ती मागच्या अंगणात बसली होती. घरातली सगळी भांडी बाहेर, राखेनं घासून उन्हात मांडलेली. हात कोपरापर्यंत काळे.

"हे सगळं कशाला गं?"

"खंयतरी ऱ्हवला असतला, हेमूभाय." ती वर न बघता म्हणाली. "मी घरात बघलंय. काय गावला नाय. मगे आठावला, पाटो."

"कुठला पाटा?"

"आवशीचो. तिणा चाळीस वर्सां बांगड्याचा वाटाप त्याच्यारच वाटला. मी उकळत्या पाण्यान धुतलंय, टाकी मारून घेतलंय. पण दगडाक भोकां असतत. थयच ऱ्हवला असतला काय ता. यंत्र कशाक खोटा बोलात?"

पाटा नेहमी विहिरीजवळ असायचा. मी तिकडे पाहिलं. ओल्या मातीत त्याचा चौकोन तेवढा उमटलेला होता.

"पाटा कुठं आहे?"

"काल टाकलंय खाडयेत. पुलावरसून." आता तिनं वर पाहिलं. "बरा केलंय मा?"

मला तिला शिव्या देताना बघायचं होतं. यंत्राला, मंडळाला, मला, कोणालाही. तिनं निवाडा दिला होता तो स्वतःच्या हातांविरुद्ध, आणि त्या निवाड्याची अंमलबजावणी आईच्या दगडावर केली होती. मी एका बोटानं केलेलं काम इथवर पोचलं होतं.

"जयवंती," मी म्हणालो, "तो बांगडा मी घरी खाल्ला."

तिनं माझ्याकडे बघून चक्क हसल्यासारखं केलं. डोळ्यांत पाणी. "तुमी चांगले आसात, हेमूभाय. पण माझ्यासाठी गजाली करू नकात."

गजाली म्हणजे गप्पा, गोष्टी. माझा जन्मभराचा धंदा. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती मायेनं मान हलवायची.

तिथून तडक वालावलकर सरांकडे. सर ओट्यावर केळफूल सोलत बसले होते, हाताला खोबरेल लावून.

"सर, तो बांगडा जयवंतीचा नव्हे. मी घरी खाल्ला. आकडा शून्य करा आणि लाल पान काढा."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठून आणलात?"

"शिरोड्याच्या बाजारातून."

"भाजलात कुठे?"

"न्हाणीच्या चुल्यात. करवंट्यांच्या निखाऱ्यावर."

"तोंडी लावणं?"

"तोंडी लावणं तोच. पेजेबरोबर खाल्ला."

सर खदखदून हसले. "बघा! करवंट्यांचे निखारे! खरं बोलणारा माणूस 'भाजला' म्हणून मोकळा होतो. तुम्ही निखारेसुद्धा मोजून घालता. हेमकांतराव, तुमचा देवमासा मी वर्गात मुलांना सांगायचो, पण ही गोष्ट त्याच्यापेक्षा सरस आहे."

"सर, गोष्ट नव्हे ही. शप्पथ."

"देवमाशाच्या वेळीही शप्पथ घेतली होती तुम्ही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "एका बाईसाठी स्वतःचे दोनशे चौऱ्याण्णव घालवायला निघालात. हा मोठेपणा मी मंडळाला कळवतो."

आणि कळवलासुद्धा. घरी पोचेपर्यंत पट्ट्यावर तीस नमस्कार येऊन पडले होते. 'असे सदस्य मंडळाचे भूषण.' 'काकांना सलाम.' मला माझ्या थापांबद्दल लोकांनी चहा पाजला होता. खरं बोललो त्याबद्दल पहिल्यांदा नमस्कार मिळाले, तेही मी थाप मारली असं समजून. चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुरावा हवा होता. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं असतं तर महिना गेला असता. हरकतीची मुदत शुक्रवारी संपत होती. मी न्हाणीत गेलो, डबा काढला. शेपटीकडचा अर्धा बांगडा होता तसाच होता. सुका मासा वाट बघायला चांगला. त्याला दुसरं काही येत नाही. आणि तो वाचणारं यंत्र सबंध गावात माझ्यासाठी एकाच जागी होतं.

गुरुवारी दुपारी सभा होती, जयवंतीच्याच ओसरीत. पाहुण्यांची नवी सोय कुठं करायची ते ठरवायला. मी ज्योत्स्नाला म्हणालो, "आज सभेत मी जरा वेगळं काही करणार आहे. आपला आकडा..."

"मी पण येतंय," ती म्हणाली आणि इरकली लुगडं नेसायला आत गेली.

तीसेक माणसं होती. जयवंती दाराच्या चौकटीला टेकून उभी, परक्याच्या घरी आल्यासारखी. सर बोलायला उठायच्या आत मी मधोमध जाऊन बसलो, कागद सोडला. वास सुटला. पाच-सहा जणांनी नाकाला रुमाल लावला. तितकेच जण नकळत पुढे वाकले. त्यांची नावं मी सांगणार नाही.

"हेमकांतराव, हे काय?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं, सख्खे भाऊ असले तरी यंत्र वेगळे ओळखतं. हा त्या बांगड्याचा भाऊ नव्हे. हा तोच बांगडा आहे. उरलेला. तपासा."

आणि खायला लागलो. पेज नाही, काही नाही, कोरडाच. दगडासारखा झाला होता. काटे टोचत होते. माझ्यापुढे आयुष्यात पुष्कळ माणसं बसली, पण सगळी गप्प आहेत आणि मीही काही बोलत नाही असं पहिल्यांदाच झालं. तीस माणसं एका म्हाताऱ्याच्या पोटाकडे बघत बसली होती. एका कोपऱ्यात कोणी खोकलं तर सगळे दचकले.

सव्वीस मिनिटांनी पट्टा थरथरला. *बांगडा. प्राणी. घरचं की बाहेरचं?* मी तो सर्वांना दिसेल असा वर धरला आणि 'घरचं'वर बोट ठेवलं.

सरांनी त्यांच्या हातातल्या पडद्यावर दोन्ही धागे शेजारी-शेजारी लावले, गेल्या शुक्रवारचा आणि आत्ताचा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"एकच मासा आहे," ते हळूच म्हणाले. मग जयवंतीकडे न बघता, "नियमाप्रमाणे जोडीचा आकडा शून्य."

मी ज्योत्स्नाकडे पाहिलं. ओरडेल, रडेल, उठून जाईल, काहीतरी. ती उठली, माझ्यासमोर आली. कागदावर शेपटीचा बोटभर तुकडा राहिला होता. तो उचलून तिनं तोंडात टाकला आणि नीट चावून खाल्ला.

"माझो पण लिवा, सर."

"वहिनी, तुम्ही कशाला? तुमचा काय दोष?"

"त्या दिसा मी कुर्डू घेवन इलंय, तेव्हा चुल्याक वास होतो." ती सरांशी बोलत होती, पण बघत जयवंतीकडे होती. "पन्नास वर्सां मासे भाजलंय मी. माका कळाचा नाय? कळला. सगळा कळला. पण माका मेघालयात जावचा होता. म्हणान गप ऱ्हवलंय."

मी तिला फसवलं, असं सहा दिवस समजत होतो. तेवढी एक फसवणूक तरी माझी मला करू द्यायची होती तिनं.

जयवंती एवढंच म्हणाली, "वयनी, तुमी पण?"

ज्योत्स्नाची मान खाली गेली ती घरी जाईपर्यंत वर झाली नाही.

सरांनी स्वतः स्टुलावर चढून दारावरचं लाल पान काढलं. मग सगळ्यांना एकदम बोलायला सुचलं. "बाई, झालं गेलं विसरा." "उद्याच पंगत लावूया!" हातभर लांब सरकलेली बाई सर्वांत पुढे होती. "जयवंती, उद्या सांबार कर हं."

"उद्या खानावळ बंद," जयवंती म्हणाली.

"मग परवा?"

"परवा पण." तिचा आवाज चढला नाही. "सहा दिस मी माझ्या हातचा जेवक नाय. शेजारच्या घराकडची पेज खातंय. घास तोंडाकडे नेलंय की वास येता, नसलेलो. आदी माका एकटीक बसान माझ्या हातचा जेवचा आसा. ता जमला, मगे तुमी."

आणि दार लावून घेतलं. तीस माणसं बाहेर ओसरीत. कोणी उठेना. मग आतून भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज आला, आणि आम्ही एकेक करून चपला शोधायला लागलो.

पाटा शोधायला मी होडीवाल्याला घेऊन तीन ओहोट्या खाडीत उतरलो. दोन टायर सापडले, एक खुर्ची, चिखलात रुतलेलं नांगराचं तोंड. पाटा सापडला नाही. सापडला असं मी पाच-सहा जणांना सांगून पाहणार होतो, सवय आहे. सांगितलं नाही.

खानावळ बाराव्या दिवशी उघडली. मंडळानं यादीत परत घेतो म्हणून चिठ्ठी पाठवली. जयवंतीनं उलट निरोप दिला, की माझ्याकडे जेवायला येणाऱ्यानं पट्टा काढून खुंटीला टांगायचा. सरांनी आधी नाक मुरडलं, मग स्वतः खुंट्या ठोकून दिल्या. आता तिथं रोज पंचवीस पट्टे लोंबत असतात आणि माणसं आकडा सोडून चवीनं जेवतात. ज्योत्स्ना त्यानंतरच्या दसऱ्यापासून पुन्हा एकपासून मोजते आहे. नकाशा उतरवला नाही, ठिपके पुसून काढले. मी पेज खातो, नुसती.

दर गुरुवारी आम्ही दोघं जयवंतीकडे जातो. ती आम्हाला पानात कमी वाढत नाही. सांबार वाढून झालं की पळी हातात धरून ती प्रत्येकापाशी थांबते आणि विचारते, "कसा झालाहा? खरा सांगा." पुण्याच्या पाहुण्याला विचारते, सरांना विचारते, हल्ली ज्योत्स्नालाही विचारते.

परवा मीठ कणभर कमी पडलं होतं. पंगतीत कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. ती माझ्या पानाशी आली, सांबार वाढलं, आणि पुढच्या पानाकडे गेली.